डोक्यापेक्षा हेल्मेट मोठं

मराठी माणूस कपडा आजच्या अंगासाठी घेत नाही, येणाऱ्या अंगासाठी घेतो. मुलाचा शर्ट पुढच्या इयत्तेचा. बूट असे, की अंगठ्यापुढे अजून एक अंगठा मावला पाहिजे, आणि जागा फारच उरली तर कापसाचा बोळा आहेच. लग्नाच्या सुटाला शिंपी आतून दोन इंच कापड दुमडून ठेवतो, कारण नवरदेव कुठल्या दिशेने वाढणार हे त्याला मुहूर्ताआधीच दिसलेलं असतं. ‘वाढत्या अंगाचं’ हे आमच्याकडचं मूळ माप. स्मॉल, मीडियम, लार्ज हे नंतर आलेले उपप्रकार.

समुद्र ओलांडला म्हणून हा कायदा सुटत नाही. आम्ही दुबईत ऊद मेथाला राहतो. इथे १९६१ सालापासूनचं इंडियन हायस्कूल आहे आणि त्याचं वर्ष आपल्यासारखंच एप्रिलात सुरू होतं. त्यामुळे मार्चअखेरीला गणवेशाच्या दुकानात नुसतं उभं राहिलं तरी माणसं ओळखू येतात. मापाच्या बाबतीत सगळेच बाप थोडेफार सैल असतात, पण मराठी बाप पोराच्या कॉलरमध्ये स्वतःची मूठ घालून बघतो. मग पँटचा पट्टा पुढे ओढतो, आत पोटाखेरीज अजून काय काय मावेल याचा अंदाज घेतो आणि म्हणतो, “चला, दोन वर्षं बघायला नको.” पोराचे हात तोवर बाह्यांमध्ये हरवलेले असतात. तक्रार करायला त्याच्याकडे बोटंच शिल्लक नसतात.

या कायद्याला अजिबात न जुमानणारी एकच वस्तू मला आजवर भेटली आहे, ती म्हणजे मोटारसायकलचं हेल्मेट. दुकानात घातल्याबरोबर जे ऐसपैस वाटतं ते हमखास मोठं असतं, आणि जे घालताना कान दुमडले जातात, गाल वर येऊन डोळ्यांना भेटतात आणि बोलताना गाल दातांखाली येतो, तेच बहुधा आपलं. पिढ्यान्‌पिढ्या सैल कपड्यात वाढलेल्या समाजाला हे पटवणं सोपं नाही.

आता मी काही मोटारसायकलवाला नव्हे. ऊद मेथाला २०११ पासून मेट्रोचं स्टेशन आहे आणि माझा सगळा वेग ग्रीन लाइनच्या स्वाधीन आहे. हा भागही तसा दुचाकीचा नाही. इथे येणारा माणूस एक तर दवाखान्यात आलेला असतो, नाही तर सेंट मेरी चर्चला किंवा शाळेत मूल सोडायला. आणि तिघेही पार्किंग शोधत असतात. अल नस्र लीझरलँडमध्ये १९७९ पासून बर्फावर घसरायची सोय आहे. बाहेर पंचेचाळीस अंश तापमान असताना मुलं आत हातमोजे घालून कुडकुडतात आणि आईबाप त्याचे पैसे भरतात. लॅम्सी प्लाझा मात्र २०१७ च्या आगीनंतर बंद पडला. तिथल्या लुटुपुटुच्या लंडन ब्रिजखाली फोटो काढून ते गावाकडे पाठवलेल्या मराठी कुटुंबांची यादी केली, तर अर्धं महाराष्ट्र मंडळ त्यात येईल. या सगळ्यात दुचाकी कोणाची? तर घरोघर जेवण पोचवणाऱ्या मुलांची. संध्याकाळी आमच्या इमारतीखालच्या कॅफेटेरियासमोर त्यांच्या गाड्या रांगेने लागतात, आरशांना हेल्मेटं टांगलेली असतात आणि करक चहाचे कागदी पेले फिरत असतात. आपण लिफ्टमधून उतरावं, नमस्कार-सलाम करावा आणि मेट्रोकडे चालू लागावं, असं माझं सुरळीत चाललं होतं.

मग साडूभाऊंनी बुलेट घेतली.

साडू म्हणजे एकाच सासऱ्याला फसवलेले, किंवा एकाच सासऱ्याने फसवलेले, दोन इसम. त्यामुळे एकमेकांच्या संकटात धावून जाणं त्यांना चुकत नाही. आमचे साडूभाऊ मूळचे बेळगावचे. पन्नाशी ओलांडली, पोरं कॉलेजला गेली, आणि दुबईत या वयाच्या पुरुषांना जे होतं ते त्यांना झालं. शनिवार-रविवार पहाटे चाळीस-पन्नास वर्षांचे गृहस्थ चामड्याची जाकिटं घालून हत्ताच्या नाही तर जेबेल जैसच्या दिशेने निघतात. जेबेल जैस आपल्या कळसूबाईपेक्षा उंच आहे. वर जाऊन ते चहा पितात आणि खाली येतात. साडूभाऊंना बेळगावात लुनापासूनचा अनुभव होता, पण दुबईला लुनाचं कौतुक नाही. इथे भारतीय परवान्यावर दुचाकीचा परवाना बदलून मिळत नाही. पहिल्यापासून धडे घ्यावे लागतात, परीक्षा द्यावी लागते. साडूभाऊंनी विशीतल्या पोरांबरोबर उन्हात आठाचे आकडे काढले, पास झाले आणि गाडी घेतली. फक्त हेल्मेट घेतलं नाही. ते बेळगावहून यायचं होतं.

बेळगावहूनच का, हे बेळगावकराला विचारू नये. वेगा हेल्मेटची कंपनी बेळगावची आहे, १९८२ पासूनची, आणि सबंध हिंदुस्थानच्या डोक्यावर आपलं गाव बसलेलं आहे याचा साडूभाऊंना कुंद्याइतकाच अभिमान. बेळगाव कुणाचं हा वाद १९५६ पासून लोंबकळतो आहे. निदान डोक्यावर कोण, याचा निकाल तरी त्यांनी परस्पर लावून टाकला होता.

तर त्यांचे थोरले बंधू दुबई बघायला आले ते एका हातात कुंद्याचा डबा आणि दुसऱ्या हातात हेल्मेटचं खोकं घेऊन. खोकं उघडलं. काळं, झळझळीत, देखणं हेल्मेट. साडूभाऊंनी चढवलं. ते आत गेलं आणि बराच वेळ जातच राहिलं.

“एक नंबर मोठंच आणलोय बघ,” बंधू समाधानाने म्हणाले. “जरा ऐसपैस असल्यालं बरं. पुढंमागं लागतंय की.”

बावन्न वर्षांच्या माणसाचं डोकं पुढंमागं कशाने वाढणार, हा प्रश्न तिथे कुणालाच पडला नाही. माझ्या तोंडात कुंदा होता. साडूभाऊ आतून म्हणाले, “मस्त हवा खेळालीय ओ.”

हवा खेळतेय हीच तर तक्रार, हे आम्हाला त्याच संध्याकाळी खाली कॅफेटेरियासमोर कळलं. हेल्मेट या विषयात जगात कुणाला डॉक्टरेट द्यायची झाली, तर ती या डिलिव्हरीच्या मुलांना द्यावी लागेल. दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास ते डोक्यावर वागवायचं, तेही इथल्या ऑगस्टमध्ये, म्हणजे गंमत नव्हे. नवं हेल्मेट दिसताच चहा बाजूला ठेवून तिघे-चौघे जमले. त्यातल्या एका स्वातच्या पठाणाने अदबीने विचारलं, “इजाज़त है, साहब?” साडूभाऊंनी हनुवटीखालचा पट्टा घट्ट लावून मान ताठ केली. पठाण त्यांच्या मागे गेला, हेल्मेटच्या मागच्या कडेखाली बोटं घातली आणि वर-पुढे असा एकच हिसका दिला. पट्टा लावलेलाच होता. हेल्मेट नाकावरून घसरून त्याच्या हातात आलं.

“साहब,” तो म्हणाला, “ये हेल्मेट नहीं, पतीला है.”

यानंतर फुटपाथवर जो वर्ग भरला, तसा मी पैसे भरूनही कधी पाहिलेला नाही. एका नेपाळी मुलाने स्वतःचं हेल्मेट घालून दाखवलं. हनुवटीपाशी धरून डावी-उजवीकडे हलवलं की गालांची कातडी सोबत हलली पाहिजे. गाल जागेवर आणि हेल्मेट फिरतंय, म्हणजे ते तुमचं नाही. (साडूभाऊंचे गाल जागेवरच होते.) दुसऱ्याने आतली गादी सोडवून दाखवली. ती निघणारी असावी, कारण ती धुतली नाही तर जुलैत आपलंच डोकं आपल्याला जवळ करवत नाही. खाली पातळ सुती टोपी घालायची म्हणजे घाम गादीत कमी जातो. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, तिसरं जाऊ नये. आणि गादी वापराने दबते, म्हणून आज जे कडक वाटतं ते महिन्याभरात बरोबर होतं आणि आज जे बरोबर वाटतं ते महिन्याभरात डुगडुगतं. मोठ्या हेल्मेटात जाड गादी भरून काम भागेल का, असं बंधूंनी विचारलं, तेव्हा सगळे एकदम शांत झाले. बुटातला कापसाचा बोळा त्यांच्याकडेही असतो बहुधा.

घट्टपणाचा हा आग्रह कशासाठी, ते हेल्मेट उलटं करून पाहिलं की कळतं. बाहेरचं टणक कवच आपल्याला दिसतं आणि आपण त्यालाच हेल्मेट समजतो. खरं काम आतलं थर्माकोल करतं. अमेरिकेत लोम्बार्ड आणि रॉथ या दोघांनी १९५३ साली अशा हेल्मेटचं पेटंट घेतलं, ज्याच्या आत आघात शोषून घेणारा चुरडणारा थर होता. रस्त्यावर आपटल्यावर हा थर स्वतः चुरडतो, आणि त्या चुरडण्यात जो काही क्षणाचा अंश जातो तेवढ्यात डोकं जरा सावकाश थांबतं. हेल्मेट ढिलं असेल तर डोकं आधी आतल्या आत हेल्मेटवर आदळतं. मुळात हेल्मेट तोवर डोक्यावर राहिलं असेल तर. एकदा चुरडलं की ते पुन्हा फुगत नाही, म्हणून अपघातात सापडलेलं हेल्मेट वरून कितीही चकचकीत दिसलं तरी टाकून द्यायचं. चकचकीत वस्तू टाकून देणं हीसुद्धा आमच्या परंपरेत न बसणारी गोष्ट. आणि महाराष्ट्र सरकारची कमाल बघा: २०१८ साली गणपतीच्या मखराच्या थर्माकोलवर बंदी आणली आणि २०१९ उजाडताच पुण्यात तेच थर्माकोल डोक्यावर सक्तीचं केलं.

मी पुणेकर. त्यामुळे हेल्मेट म्हटलं की माझा घसा आपोआप मोर्चाच्या पट्टीत लागतो. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या १२९ व्या कलमात हेल्मेट लिहून ठेवलेलं आहे, पण पुण्यात कायदा ही चर्चेला घ्यायची गोष्ट असते. १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी ते कलम मनावर घेतलं आणि त्याच आठवड्यात शहराने विनाहेल्मेट दुचाकी मोर्चा काढला. हेल्मेटसक्तीला विरोध करायला आमच्याकडे रीतसर कृती समिती आहे. तिचे मुद्दे मला पाढ्यांसारखे पाठ आहेत. हेल्मेटने केस गळतात. मान आखडते. मागचा हॉर्न ऐकू येत नाही (ऐकू आला तरी बाजूला कोण होतं, हा मुद्दा समितीपुढे आलेला नाही). गाडी लावल्यावर ते ठेवायचं कुठे? शिवाय पुण्याच्या रस्त्यांवर वीसच्या वर वेग जातोच कुठे? आणि बाजूचं दिसत नाही. या शेवटच्या मुद्द्याला उत्तर आहे. युरोपची मानकं घ्या की अमेरिकेची, डोळ्यांच्या मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना १०५ अंशांपर्यंत मोकळं दिसलंच पाहिजे असं त्यात सांगितलेलं आहे. म्हणजे काटकोनाच्याही थोडं मागचं. पुणेकर गाडी चालवताना काटकोनाच्या मागे कधी बघतो?

पण मला राहून राहून वाटतं, त्या मुद्द्यांतले निम्मे मुद्दे हेल्मेटविषयी नव्हतेच. ते मोठ्या हेल्मेटविषयी होते. मान आखडते ती हलणारं वजन सावरून. कानात घोंगावतं ते फटीतून शिरलेलं वारं. समोरचं दिसत नाही, कारण खड्डा आला की हेल्मेट भुवयांवर उतरतं. पुण्याने ज्याच्याशी युद्ध पुकारलं ते प्रत्येकाने चौकातल्या फुटपाथवरून, सिग्नल सुटायच्या आत, ‘राहू दे, जरा मोठंच’ म्हणून घेतलेलं हेल्मेट होतं. फेटा डोक्यावरच बांधतात, म्हणून तो कधी कुणाला मोठा झाला नाही. पगडी आयती मिळते, पण तिला वेगाने कुठे जायचं नसतं.

दुबईत या विषयावर समिती निघत नाही. हेल्मेट नसेल तर ५०० दिरहम दंड आणि परवान्यावर ४ काळे गुण. दंडाचा संदेश फोनवर येतो. पुणेकराला हुज्जत घालायला समोर माणूस लागतो. संदेशाशी हुज्जत घालता येत नाही. परदेशात आमची खरी परवड होते ती इथे.

तर आम्ही अल कूझला गेलो, जिथे मोटारसायकलचं सामान विकणारी बरीच दुकानं आहेत. विक्रेता फिलिपिनो होता, स्वतः गाडी चालवणारा. त्याने आधी हेल्मेट दाखवलंच नाही. शिंप्याची टेप काढली, भुवयांच्या वर बोटभर जागा सोडून मागच्या फुगवट्यावरून फिरवली आणि म्हणाला, “साठ.” साठ सेंटिमीटर म्हणजे बहुतेकांच्या तक्त्यात लार्ज. पण तो एवढ्यावर थांबला नाही. साडूभाऊंच्या मागे जाऊन, जरा वाकून, वरून त्यांच्या टाळूकडे पाहून त्याने दुसरं निदान केलं: डोकं लांबट अंडाकृती आहे.

घेर सारखा असला तरी आकार सारखा नसतो, हे हेल्मेट विकणाऱ्यांना माहीत असतं आणि डोकी बाळगणाऱ्यांना नसतं. कुणाचं वरून बघितलं तर गोल, कुणाचं पुढेमागे लांब, बहुतेकांचं अध्येमध्ये. गोल हेल्मेट लांबट डोक्यावर चढवलं की कपाळावर रुततं आणि कानांपाशी फट राहते. लांबट हेल्मेट गोल डोक्यावर गेलं की कानशिलं आवळली जातात. प्रत्येक माणूस स्वतःचं डोकं हेच डोक्याचं मूळ रूप समजून चालतो, त्यामुळे साडूभाऊ दुखावले.

“माझं डोकं लांबुडकं? कोण म्हणतंय?”

त्यांनी तिथूनच घरी फोन लावला. मेहुणीने क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, “हो, आहेच. लग्नात मुंडावळ्या सारख्या मागे जात होत्या. फोटोत बघा की!”

निदान पक्कं झालं. विक्रेत्याने एक हेल्मेट आणलं, पट्टे दोन्ही हातांनी बाहेर ताणून धरले आणि साडूभाऊंच्या डोक्यावर पुढून मागे चढवलं. कान दुमडले. गाल वर गेले. चष्मा काढून ठेवला होता तो आता बाजूच्या खाचांतून आत सरकवायचा. हेल्मेट आधी आणि चष्मा नंतर, हा क्रम चुकला तर चष्म्याचा तरी मोड होतो नाही तर नाकाचा. मग त्याने त्यांना सोफ्यावर बसवलं आणि सांगितलं, आता अर्धा तास बसा. पाच मिनिटांत काहीच कळत नाही. सगळीकडून सारखं आवळत असेल तर चांगलं. एकाच जागी दुखायला लागलं तर ते दुखणं पुढे वाढतच जाणार.

साडू समोर बसलेले, उठता येत नाही, बोलता येत नाही. माझ्यासारख्या माणसाला असा श्रोता आयुष्यात वारंवार मिळत नाही. मी हेल्मेटचा इतिहास सुरू केला.

सांगितलं, की इंग्लंडात ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या मैदानावर एरिक गार्डनर नावाचे डॉक्टर होते. डोकी फुटलेले स्वार बघून बघून ते कंटाळले. त्यांनी कॅनव्हास आणि लाखेचं हेल्मेट बनवून घेतलं आणि १९१४ च्या आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत ते सक्तीचं करायला लावलं. पुढची गोष्ट सांगतात ती अशी, की एका इस्पितळाकडून त्यांना तक्रारवजा पत्र आलं: दरवर्षी शर्यतीनंतर आमच्याकडे डोक्याच्या दुखापतीच्या चांगल्या केसेस येतात, यंदा एकही कशी आली नाही? साडूभाऊंनी मान हलवली. मला हुरूप आला.

मग लॉरेन्स ऑफ अरेबियाकडे वळलो, कारण इतक्या जवळ येऊन त्याला वगळणं बरं दिसलं नसतं. सबंध अरबस्तान त्याने उंटावरून पालथा घातला, डोक्याला गुत्रा गुंडाळून, आणि जिवंत राहिला. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडच्या डॉर्सेटमध्ये, आपल्या लाडक्या ब्रफ सुपिरिअरवरून जाताना, सायकलवरच्या दोन पोरांना चुकवायला गेला आणि पडला. हेल्मेट नव्हतं. सहा दिवसांनी गेला, वय ४६. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा शल्यविशारद होता. त्याला ते मरण लागलं. त्याने मोटारसायकलवरून पडणाऱ्यांच्या डोक्यांचा अभ्यास सुरू केला, १९४१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हेल्मेटने काय फरक पडतो ते मांडलं, आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या निरोप्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सामान्य ब्रिटिश माणसाला मात्र कायद्याने ते घालायला १९७३ उजाडलं. म्हणजे पुण्याने थोडा वेळ घेतला तर...

इथे अर्धा तास संपला. साडूभाऊंनी हेल्मेट काढलं, कान सरळ केले आणि विचारलं, “काय म्हणालासा?”

“कशाबद्दल?”

“काय की. तुमचं तोंड हलालतं. मी म्हटलं, असू दे.”

कपाळावर मधोमध लाल वळ उमटला होता. विक्रेत्याने त्याच्याकडे बघितलं आणि काही न बोलता दुसरं हेल्मेट काढलं. तो वळ म्हणजे पत्र असतं: हे हेल्मेट या डोक्याला गोल पडतंय. मग जरा लांबट घडणीचं आलं, पुन्हा सोफा, पुन्हा अर्धा तास. या वेळी मी मासिक चाळलं. त्यात एका जपानी कंपनीची कुळकथा होती: अराई हे मुळात टोप्या बनवणारं घराणं, पुढे मोटारसायकलच्या हेल्मेटांत शिरलं. आमच्याकडे टोप्या घालणारी घराणी पुष्कळ, पण ती सहसा अशा सत्कार्याकडे वळत नाहीत.

दुसऱ्यांदा वळ उमटला नाही. पुसटशी लाली सगळीकडे सारखी पसरलेली. विक्रेत्याने मागून हिसका दिला, तेव्हा हेल्मेटसकट साडूभाऊच सोफ्यावरून अर्धे उठले. मग पट्ट्यावरची शिलाई उलटून त्याने शिक्का दाखवला: गोलात इंग्रजी ई, शेजारी आकडा, आणि २२.०६ हे युरोपच्या मानकाचं नवं रूप. ईच्या शेजारचा आकडा कोणत्या देशाने मान्यता दिली ते सांगतो. इथे ३ होता, म्हणजे इटली.

“इटलीनं तपासलंय, खरं इटलीला माझं डोकं कुठं ठाऊक?” साडूभाऊ म्हणाले. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. शिक्का हेल्मेटची परीक्षा सांगतो; ते तुमच्या डोक्यावर किती बसतं ती परीक्षा सोफ्यावरच व्हायची. लाखाचं हेल्मेट सैल असेल, तर त्यापेक्षा मापात बसणारं साधं शिक्क्याचं बरं, हे तो विक्रेताच म्हणाला, आणि विक्रेता असं म्हणतो तेव्हा घासाघीस करायला जीभ वळत नाही. साडूभाऊंनी तरी केली. त्यांना एक जास्तीची काच मिळाली. ती काळी होती, आणि रात्री लावायची नाही अशी ताकीद घेऊन आली.

बेळगावच्या हेल्मेटचं काय झालं म्हणाल, तर ते माझ्याकडे आहे. घरी सहज घालून बघितलं आणि ते बसलं. हलेना, रुतेना, मागून हिसका दिला तर माझीच मान पुढे गेली. एकसष्ट सेंटिमीटर, एक्स्ट्रा लार्ज, गोल. म्हणजे हेल्मेट पहिल्यापासून निर्दोष होतं, ते फक्त चुकीच्या जावयाकडे आलं होतं. बेळगावच्या हेल्मेटात पुणेकराचं डोकं चपखल बसावं, हा सीमाप्रश्नाच्या इतिहासातला एक समाधानकारक प्रसंग, पण सौभाग्यवतींना त्यात वेगळंच दिसलं. “एक्स्ट्रा लार्ज? मला वाटलंच होतं,” एवढं म्हणून त्या आत गेल्या. मी मेट्रोने जातो. ग्रीन लाइनमध्ये हेल्मेट घालायची सोय नाही. ते कपाटावर आहे.

खोबरेल तेलाचा प्रश्न मात्र उभा राहिला. साडूभाऊ रोज सकाळी तेल चोपडणारे. आठवड्यात नव्या हेल्मेटची गादी अशी झाली, की ती पिळून पोहे परतता आले असते. अर्धा डझन सुती टोप्या आल्या, तेव्हा कुठे निभावलं. हत्तापर्यंत जाऊन आले. कपाळ दुखलं नाही, कान दुखले नाहीत, मान दुखली नाही. दुखली ती कंबर, आणि तिचं माप घेणारं दुकान अजून निघालेलं नाही.

हत्ताचे फोटो बघून मेहुणीने मागे बसायचं ठरवलं. मागच्यालाही हेल्मेट लागतंच, म्हणून पुन्हा वरात अल कूझला, या वेळी दोघी बहिणी आणि दोघे साडू. टेप फिरली. छप्पन. पण हेल्मेट काही खाली उतरेना. विक्रेत्याने अदबीने मागचा अंबाडा दाखवला. टेप त्याच्या खालून गेली होती; हेल्मेटला ते जमणार नव्हतं. मेहुणी म्हणाली, मग दोन नंबर मोठं द्या. विक्रेता म्हणाला, माप डोक्याचं असतं मॅडम, केसांचं नाही. अंबाडा सुटला, खाली मानेपाशी सैल वेणी आली आणि हेल्मेट बसलं. मग तिला सोफ्यावर बसवलं. साडूभाऊंनीही आपलं हेल्मेट आणलेलं होतं, तेही घालून शेजारी बसले. पंचवीस वर्षांच्या संसारात नवराबायको अर्धा तास शेजारी बसले आहेत आणि कुणी कुणाला काही म्हणत नाही, असं दृश्य मी पहिल्यांदा पाहिलं. साडूभाऊंच्या काचेआड अपार शांती होती.

अर्ध्या तासाने विक्रेत्याने काउंटरखालून एक छोटी डबी काढली. “सर, इंटरकॉम,” तो म्हणाला. हेल्मेटात बसवायचा, ब्लूटूथवर चालतो. पुढचा आणि मागचा रस्ताभर एकमेकांशी बोलू शकतात, अगदी शंभरच्या वेगातही शब्द न्‌ शब्द ऐकू येतो.

“नको, नको,” साडूभाऊ घाईने म्हणाले. “गाडीवर लक्ष पाहिजे ओ.”

मेहुणीने तोवर पर्स उघडली होती. “जोडीच द्या,” ती म्हणाली. “आणि आवाज कमी करायचं बटण कुणाच्या हेल्मेटला असतं?”

विक्रेत्याने सांगितलं की दोन्हींना असतं.

“यांच्या नको,” मेहुणी म्हणाली.